लूप एकच, बिऱ्हाडं दोन

वेब पानावरचं बटण दाबलं की पंप बंद व्हायला हवा. व्हायचाही, पण कधी लगेच, कधी दहा सेकंदांनी, कधी जवळजवळ अर्ध्या मिनिटाने. टेबलावर पंप चालवणारा एकच कंट्रोलर जोडलेला होता आणि तो दर ३० सेकंदांनी टाकीतली पाण्याची पातळी कळवायचा. दोन दिवस मी केबल, फर्मवेअर, राउटर अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाले. शेवटी दोन्ही लॉग शेजारी शेजारी ठेवून वेळा जुळवल्या, तेव्हा दिसलं की हुकूम नेमका कंट्रोलरचा पुढचा निरोप आला की सुटतोय.

चूक माझीच. वेब अ‍ॅप युव्हिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरच्या लूपवर (आलेली कामं एकेक करून हातावेगळी करणारं चक्र) चालत होतं. कंट्रोलरशी बोलणारा टीसीपी सर्व्हर मी वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्राममधला समांतर धागा), त्याच्या स्वतःच्या लूपवर टाकला होता आणि दोघांच्या मध्ये पायथनच्या असिंकआयओ लायब्ररीची क्यू, म्हणजे निरोपांची रांग. ही क्यू थ्रेड-सेफ नाही, दोन थ्रेडनी मिळून वापरायला सुरक्षित नाही. वेबच्या थ्रेडमधून तिच्यात काही टाकलं की पलीकडच्या लूपच्या यादीत नोंद होते, पण तो लूप सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीवर, काही येईल म्हणून झोपलेला असतो. त्याला हलवून उठवणारं कुणी नसतं. शेकडो कंट्रोलर सतत बोलत असते तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं. (असिंकआयओचा चुका पकडून देणारा डीबग मोड चालू असता तर पहिल्याच क्लिकला रनटाइम एरर तोंडावर आली असती. नव्हता.)

दोन लूप ठेवायचेच असतील तर दुसऱ्या थ्रेडच्या लूपला सुरक्षितपणे काम सोपवणारं ‘रन_कोरुटीन_थ्रेडसेफ’ आहे. पण दोन्ही सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये, एकाच माहितीवर काम करणार असतील, तर दोन लूप हवेत कशाला?

अडचण मालकीची आहे. ‘युव्हिकॉर्न.रन()’ स्वतः लूप उभा करतं आणि संपेपर्यंत सोडत नाही. आपल्या चालू लूपच्या आतून ते बोलावलं तर पायथन तक्रार करतं, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा लूपचा मालक आपला ‘मेन’ (मुख्य फंक्शन) करायचा, वेब अ‍ॅप त्यात भाडेकरू. ‘असिंकआयओ.रन(मेन())’ ही ओळ सबंध प्रोग्राममध्ये एकदाच यायला हवी. मेनमध्ये आधी ‘असिंकआयओ.स्टार्ट_सर्व्हर’ला हँडलर (आलेली जोडणी हाताळणारं फंक्शन), पत्ता, पोर्ट देऊन अवेट करा, म्हणजे लूप न अडवता ते पूर्ण व्हायची वाट बघा. तो परत येतो तेव्हा पोर्ट उघडलेला असतो. मग युव्हिकॉर्नचा ‘कॉन्फिग’ बनवा, त्यावरून ‘सर्व्हर’, आणि त्याच्या ‘सर्व्ह()’ला अवेट करा. मेन तिथेच थांबून राहतो आणि त्याच लूपवर दोन्हीकडची कामं होत राहतात. टीसीपी आधी, वेब नंतर हा क्रम मी मुद्दाम ठेवते. उपकरणांचा पोर्ट दुसऱ्या कुणी बळकावला असेल तर पान दिसायच्या आधीच सगळं कोसळलेलं बरं.

या रस्त्याने युव्हिकॉर्नचे ‘वर्कर्स’ (एकाहून जास्त प्रोसेस) आणि ‘रीलोड’ (कोड बदलला की आपोआप पुन्हा सुरू) हे पर्याय लागू होत नाहीत. वर्कर्स तसेही नकोच होते. चार प्रोसेस झाल्या तर कंट्रोलर एकीला जोडलेला आणि बटण दुसरीकडे, अशी गत. युव्हीलूप (असिंकआयओच्या लूपऐवजी वापरता येणारा वेगवान लूप) हवा असेल तर तो कॉन्फिगमध्ये लिहून उपयोग नाही, मेनच त्याच्यावर चालवावा लागतो.

लूप एक झाल्यावर क्यूच गळून पडली. टीसीपी हँडलरमध्ये जोडणी आली की कंट्रोलरचा नंबर वाचायचा आणि ‘रायटर’ (त्या जोडणीवर लिहिण्याचं साधन) एका डिक्शनरीत ठेवायचा. वेबचा हँडलर तोच रायटर उचलतो, ‘राइट’ करतो, लिहिलेलं साचून राहू नये म्हणून ‘ड्रेन’ला अवेट करतो. जोडणी तुटली की ‘फायनली’त (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) नोंद काढायची, पण काढण्याआधी डिक्शनरीत अजून आपलाच रायटर आहे का ते बघा. कंट्रोलर तुटून लगेच परत जोडला जातो, जुन्या जोडणीचा फायनली उशिरा चालतो आणि नव्याची नोंद पुसून बसतो. मग उपकरण जोडलेलं असूनही पानावर ‘ऑफलाइन’ दिसत राहतं.

आता एक छुपी जागा. वेब अ‍ॅप ज्या चौकटीत लिहिलंय त्या फास्टएपीआयमध्ये हँडलर ‘असिंक डेफ’ऐवजी नुसता ‘डेफ’ लिहिला तर तो लूपवर न चालता थ्रेडपूलमध्ये, म्हणजे राखीव थ्रेडांपैकी एकात, चालतो. म्हणजे दारातून हाकललेला दुसरा थ्रेड खिडकीतून परत आत. तिथून रायटरला हात लावला तर बहुतेकदा चालून जातं, म्हणूनच ते जास्त घातक. उपकरणांशी बोलणारे सगळे हँडलर असिंक ठेवा. पण मग त्यांच्यात थांबवून ठेवणारी डेटाबेस क्वेरी नको, कारण ती चालू असेतो कंट्रोलरांचे निरोपही ताटकळतात. अशी कामं वेगळ्या थ्रेडमध्ये चालवणाऱ्या ‘टू_थ्रेड’कडे द्या. डीबग मोड १०० मिलिसेकंदांहून जास्त लूप अडवणाऱ्या कामाची लॉगमध्ये चुगली करतो. मी तो निदान टेस्ट सर्व्हरवर तरी चालूच ठेवते.

खरा घाम निघाला तो बंद करताना. युव्हिकॉर्न सिगटर्म (प्रोसेसला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) पकडतो, स्वतःचं आवरतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत बाहेर पडताना जुना हँडलर परत बसवून तोच सिग्नल पुन्हा उडवतो. सिगटर्मचा मूळ हँडलर म्हणजे प्रोसेसचा मृत्यू, त्यामुळे ‘सर्व्ह()’नंतर लिहिलेली माझी आवराआवर कधी चाललीच नाही. उपाय म्हणून मेनच्या सुरुवातीलाच सिगटर्म आणि सिगइंटसाठी (कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा सिग्नल) काहीही न करणारा हँडलर बसवते. पुन्हा उडवलेला सिग्नल त्याच्यावर आदळून विरतो. वेब उभं राहण्याआधीचं कंट्रोल-सी यात वाया जातं, मला ते चालतं.

आवराआवर चालू लागली तेव्हा प्रोसेस संपेना. पायथन ३.१२ पासून टीसीपी सर्व्हरचा ‘वेट_क्लोज्ड’ खरोखरच सगळ्या जोडण्या सुटेपर्यंत थांबतो आणि कंट्रोलर तर फोन धरून बसलेलेच. त्यामुळे आधी सर्व्हर ‘क्लोज’ करायचा, मग डिक्शनरीतला एकेक रायटर, मग वेट. ३.१३ मध्ये ‘क्लोज_क्लायंट्स’ आलंय, तिथे हा फेरा वाचतो.

तपासायचं असेल तर एकच कंट्रोलर जोडा, त्याचा निरोप ५ मिनिटांवर न्या आणि मधेच केव्हातरी बटण दाबा. पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) त्याच क्षणी टकटकायला हवा. मग सिगटर्म पाठवा आणि लॉगची शेवटची ओळ वेबची आहे की तुमच्या आवराआवरीची, ते बघा.