पार्ट प्रिपरेशनला अजूनही रेझर? या चुका टाळा

पार्ट प्रिपरेशन म्हणजे ऑपरेशनआधी त्या जागेची तयारी. त्यात केस रेझरने काढू नयेत, ही माहिती नवी नाही. 1971 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेझर वापरलेल्या 5.6 टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. ज्यांचे केस काढलेच नाहीत किंवा क्रीमने काढले, त्यांच्यात हे प्रमाण 0.6 टक्के होतं. रेझरने त्वचेवर बारीक काप पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 मध्ये सांगितलं: केस काढूच नका, अगदीच अडचण असेल तर फक्त क्लिपर (त्वचा न खरवडता केस छाटणारं मशीन) वापरा. तरीही आदल्या संध्याकाळी नातेवाइकांना मेडिकलमधून ब्लेड आणायला सांगणारे वॉर्ड आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परिपत्रक काढून थांबणं. कागद बोर्डावर लागतो, सगळ्या सिस्टर सह्या करतात, पण स्टोअरमध्ये क्लिपरच नसतो. मग नाइट ड्यूटीच्या सिस्टरने करायचं काय? तिला जुन्या वळणाची ठरवणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. आधी इंडेंट (स्टोअरकडे लेखी मागणी) टाका. क्लिपर आला की तो चार्ज कोण करणार ते ठरवा, दर रुग्णाला ब्लेडचा भाग बदला. त्याच दिवशी ट्रेमधलं रेझर हलवा आणि नातेवाइकांच्या यादीतलं ब्लेड खोडा. जुनी वस्तू हाताशी राहिली की गर्दीच्या वेळी हात तिकडेच जातो.

प्रशिक्षण फक्त नर्सिंग स्टाफला देऊनही भागत नाही. केस काढतो बऱ्याचदा वॉर्डबॉय, ऑर्डर असते सर्जनची. ‘सर रागावतील’ ही भीती खरी आहे. ज्युनिअर सिस्टरला सरांशी वाद घालायला पुढे करू नका. मेट्रन (नर्सिंग प्रमुख) आणि सर्जन यांनी बसून लेखी ऑर्डरच बदलावी.

एकाच वेळी दहा पद्धती बदलायलाही जाऊ नका.

मोजताना बहुतेकजण चुकतात. डिस्चार्जपर्यंतचीच जखम पाहिली तर आकडा छान दिसतो, पण संसर्ग अनेकदा घरी गेल्यावर कळतो. साधारण 30 दिवस, इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम भाग) असेल तर काही ऑपरेशनांत 90 दिवस पाठपुरावा हवा. लहान रुग्णालयात संसर्गाचे आकडे इतके कमी असतात, की महिन्याभरात त्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून सोबत किती रुग्णांसाठी रेझर वापरला तेही दर आठवड्याला लिहा. एखादा सापडला तर कोणी वापरला हे विचारण्याआधी क्लिपर चार्ज होता का, ऑर्डर जुनीच होती का, ते विचारा.