'टू' लावायचं की 'आयएनजी'?

'मला वाचायला आवडतं' आणि 'मला वाचायला हवं', मराठीत दोन्हीकडे 'वाचायला'च. त्यामुळे इंग्रजी बोलताना जीभ आपसूक 'टू रीड'कडे वळते आणि 'आय एन्जॉय टू रीड' असं चुकीचं वाक्य बाहेर पडतं. 'एन्जॉय'नंतर 'रीडिंग'च लागतं.

ढोबळ अंदाज असा: पुढे करायच्या गोष्टीकडे पाहणारी क्रियापदं, म्हणजे वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, 'टू' घेतात. झालेल्या, चालू असलेल्या किंवा टाळलेल्या गोष्टीबद्दलची, म्हणजे फिनिश, डिनाय, अव्हॉइड, 'आयएनजी' घेतात. अपवाद आहेतच. 'सजेस्ट' पुढचंच सुचवतं, तरी 'सजेस्ट गोइंग'. म्हणून क्रियापद सुटं पाठ करू नका, जोडीनं करा: नुसतं 'अव्हॉइड' नको, 'अव्हॉइड डूइंग'.

खरी गंमत दोन्ही रूपं चालणाऱ्यांची. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्यानं सिगारेट सोडली; 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला तो थांबला. पार उलटं! 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे लावल्याचं मला आठवतंय. इथे मात्र मराठी मदतीला येते: 'लावायचं' असेल तिथे 'टू', 'लावल्याचं' असेल तिथे 'आयएनजी'. 'फर्गेट'लाही हेच लागू.

'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' तेवढा फसवा. तो शब्दयोगी अव्ययासारखा आहे, म्हणून त्यापुढे 'मीटिंग यू', 'मीट यू' नव्हे. ईमेलांत ही चूक सर्रास दिसते.