पतंग कोषातून बाहेर येणार असेल तर आधी त्याला चढायला जागा करून द्या

घरी कोष ठेवला असेल तर डब्यात आधीच एक खरखरीत काडी तिरकी लावून ठेवा नाहीतर आतून जाळीचं कापड लावा, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा काचेवर पतंगाचे पाय टिकत नाहीत, तो सारखा खाली पडतो आणि पंख चुरगळलेलेच वाळले तर नंतर काही केल्या सरळ होत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

बाहेर आल्या आल्या पंख एवढुसे, ओले, सुरकुतलेले दिसतात, घाबरू नका. तो वर चढून लटकतो आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतो, त्या दाबाने पंख हळूहळू उलगडत खाली लोंबतात, म्हणून काडीखाली भरपूर मोकळी जागा पाहिजे. मोठ्या पतंगाला साधारण अर्धा तास लागतो, छोट्यांचं लवकर उरकतं. पण पंख पूर्ण उघडले तरी अजून मऊच असतात, कडक व्हायला काही तास जातात, तोपर्यंत प्लीज हात लावू नका, मदत म्हणूनसुद्धा नाही!

शूट करायचं असेल तर मोबाईल आधीच स्टँडवर लावून टाइमलॅप्स सुरू करा, खरंच बघण्यासारखं असतं. मध्येच तपकिरी-लालसर थेंब पडले तर ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण तो बाहेर टाकतो.

रात्री उडणारा असेल तर अंधार पडल्यावर, कोष जिथे सापडला तिथेच सोडा.