चिमणी चालू, खिडक्या बंद: उलटी येणारी हवा

खारघरचा फ्लॅट, पावसाळ्यात स्लायडिंग खिडक्या घट्ट लावलेल्या. चिमणी तीनवर टाकली की फोडणीचा धूर ओट्यावरच घुटमळायचा आणि बाथरूममधून गटाराचा वास यायचा. मोटर ठीक होती. 8 बाय 8 फुटांच्या, 9 फूट उंच स्वयंपाकघरात जेमतेम 16 घनमीटर हवा मावते. ताशी 500 घनमीटर ओढणारी चिमणी तेवढी दोन मिनिटांत बाहेर टाकते. आत यायला वाट नसली की हवा नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जाळीखालचा वाकडा भाग, त्यात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं) घुसते.

पेटती उदबत्ती फिरवली. ट्रॅपपाशी धूर खोलीकडे वळला. डक्ट (चिमणीची हवा बाहेर नेणारा पाइप) काचेतून जातो तिथल्या बोटभर फटीतही तेच, म्हणजे बाहेर टाकलेला वासच परत. फट सिलिकॉनने भरली, 6 इंची डक्टचे सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने गुंडाळले (साधी टेप उष्णतेने आणि तेलाने सुटते). सुकलेल्या ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओतलं.

खरा फरक पडला हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवल्यावर. ओट्यालगतची उघडू नका, झुळूक धूर चिमणीबाहेर ढकलते.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर चिमणीसोबत तो कधीच लावू नका. जळका वायू आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.