छज्जा किती बाहेर काढायचा हे कॉम्प्युटरला विचारताय? या चुका टाळा

ग्रासहॉपर या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं गॅलापागोस, म्हणजे मापं बदलून बदलून सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं साधन, पहिल्यांदा चालवलं ते पुण्यातल्या एका फ्लॅटसाठी. पश्चिमेची खिडकी किती मोठी, छज्जा किती बाहेर, एवढाच प्रश्न. 'आत येणारी उष्णता कमीत कमी' असं सांगून मशीन रात्रभर चालू ठेवलं. सकाळी बघतो तर खिडकीचं माप स्लायडरच्या, म्हणजे माप बदलायच्या सरकपट्टीच्या, खालच्या टोकाला चिकटलेलं. बरोबरच आहे म्हणा, खिडकी नाही तर ऊन नाही. उजेडही हवाय हे मी सांगितलंच नव्हतं.

मग पुढची चूक. गॅलापागोसला एकच आकडा लागतो, म्हणून उष्णता आणि उजेड एका बेरजेत कोंबले. उष्णतेच्या किलोवॅट-तासांत उजेडाचे लक्स मिळवले! लक्सचे आकडे मोठे, उष्णतेला कोण विचारतंय? एक तर 'इतका उजेड हवाच' अशी अट घाला, नाही तर वॉलेसी किंवा ऑक्टोपस ही ग्रासहॉपरमध्येच चालणारी, एकाहून जास्त उद्दिष्टं सांभाळणारी साधनं वापरा. त्यात तडजोडींचे बरेच पर्याय समोर येतात, निवडायचं आपण.

वेळेचा हिशेब आधीच करा. हा शोध पिढ्यापिढ्यांनी चालतो, आधीच्या चांगल्या पर्यायांतून पुढचे बनतात. दर पिढीत ५० पर्याय, अशा ५० पिढ्या म्हणजे २,५०० सिम्युलेशन. एकाला ४० सेकंद धरले तरी जवळपास २८ तास. ० ते १,२०० मिमीच्या छज्ज्याला एकेका मिलिमीटरची पायरी कशाला? ५० मिमीची ठेवली की २५ पर्याय उरतात. मिस्त्रीला ६३७ मिमी सांगून बघा, तो काय म्हणतो ते.

उत्तर किती सुधारतंय ते दाखवणारा आलेख सुरुवातीलाच आडवा झाला तर स्लायडर हाताने हलवून पाहा. आकडा ढिम्म असेल तर ग्रासहॉपरमधले भाग जोडणारी एखादी वायर सुटलेली असते. उलट उत्तर फारच छान आलं तर जास्त संशय घ्या. भिंती एकमेकींना छेदून खोलीच मोडली असेल, तर उष्णता 'शून्य' दिसू शकते. समोरची सात मजली इमारत मॉडेलमध्ये आहे ना, हेही बघा.

परदेशी ट्यूटोरियल बघून उत्तरेचा छज्जा आधीच शून्यावर लॉक करू नका. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे उत्तरेकडे झुकलेला असतो.

शोधाची सुरुवात रँडम असते, त्यामुळे दोन-तीनदा तरी चालवा. माझ्या पहिल्या दहा उत्तरांत फरक होता तो दशांश चिन्हाच्या पुढे. त्यातलं ६०० मिमीचं घेतलं. शटरिंगच्या फळ्या तेवढ्याच होत्या.