सोसायटीत इलेक्शनचा सर्व्हे घ्यायचाय? मग आधी 'लोकशाहीवर विश्वास आहे का' हा प्रश्न खोडा

नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतरची एकदम जानेवारी २०२६ मध्ये, मधे मे २०२० पासून प्रशासक. म्हणजे आमच्या विंगमधली जी मुलगी तेव्हा सातवीत होती ती नोकरीला लागली तरी तिने नगरसेवक निवडलाच नव्हता. याचं लोकांना काय वाटलं हे कोणी विचारत नाही म्हणून मी आणि शेजारचा एक जण वही घेऊन कोपरखैरणे ते घणसोली तीसेक घरं फिरलो. त्यातली पहिली दहा वाया गेली, चूक पूर्णपणे आमचीच.

पहिला प्रश्न आम्ही काय ठेवला होता, तर "लोकशाहीवर विश्वास आहे का?" सगळे हो म्हणाले. कोण नाही म्हणणार? तळमजल्यावरचे काका, मार्केटमधून रिटायर झालेले, "शंभर टक्के!" म्हणाले आणि दोनच मिनिटांनी म्हणतात, या देशाला एक कडक माणूस पाहिजे, दहा वर्षं इलेक्शन-बिलेक्शन बंद. मी शहाणपणा करून बोललो, काका मगाशी तर तुम्ही... झालं, काका भडकले, येणारा चहा आतच राहिला. नंतर कळलं की वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेसारख्या जगभरच्या सर्व्हेतही हे दोन प्रश्न वेगवेगळेच विचारतात, लोकशाही चांगली का आणि संसद-निवडणुकीची पर्वा न करणारा मजबूत नेता चांगला का, आणि दोन्हीला हो म्हणणारे सापडतातच. काका खोटं बोलत नव्हते, दोन्ही मनापासून बोलत होते. तर दोन्ही प्रश्न ठेवा, मधे पाण्याचा-पार्किंगचा एखादा प्रश्न टाका, आणि विसंगती दिसली तर गप वहीत लिहा.

मत विचारण्यापेक्षा त्या दिवशी काय केलं ते विचारा. "मत दिलं का" याला पण लोक सवयीने हो म्हणतात, तेच "२० मे ला, लोकसभेला, सोमवार होता, सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. २०२४ ला ठाणे लोकसभेत, ज्यात आपलं ऐरोली आणि बेलापूर पण येतं, मतदान साधारण ५२ टक्के झालं आणि लगेच सगळीकडे सुरू, शहरी लोक आळशी, सुट्टी घेऊन लोणावळ्याला पळतात. असतील तसले पण. पण आम्हाला एक बाई भेटल्या ज्या उन्हात तास-दीड तास रांगेत उभ्या राहिल्या आणि आत गेल्यावर कळलं यादीत नाव नाही, भाड्याचं घर बदललं तेव्हा पत्ता बदलायचा राहिला होता. आणि माथाडी वस्तीत तर कितीतरी जणांचं मत साताऱ्याकडे गावीच आहे, मतदानाला गाडी करून जातात, इथे विचारलं तर उत्तर "नाही". म्हणून वहीत तीन रकाने पाडा, गेलोच नाही, जाऊन मत न देता परत आलो, आणि नाव इथे नाही. हे तीन एकत्र केलेत तर सर्व्हे फुकट.

ज्यांचं नाव नाही त्यांना शेवटी सांगा, नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८, हेल्पलाइन १९५०. पण शेवटीच हं, मधेच समाजसेवा सुरू केलीत की तो माणूस पुढची उत्तरं तुम्हाला बरं वाटेल अशी देतो.

कोणाला मत दिलं हे शक्यतो विचारूच नका, ते सांगायला कायद्यानेही कोणाला भाग पाडता येत नाही. विचारायचंच असेल तर निवडणुकीचे सर्व्हे करणाऱ्या लोकनीतीवाल्यांसारखं करा, ते खोटी मतपत्रिका हातात देतात आणि घडी करून डब्यात टाकायला सांगतात. आम्ही बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला खाच पाडली (घरी त्यावरून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं). फरक काय पडला, तर एका घरी भाऊच सगळी उत्तरं देत होते, "आमच्या घरात एकच मत असतं." वहिनी हसून गप्प. कागद दिल्यावर मात्र वहिनी तो घेऊन किचनमध्ये गेल्या, दार लोटलं, आणि चार घड्या घालून आणला. शक्य असेल तर दुपारी तीन-चारला जा, वहिनी एकट्या भेटतात. आणि सोबत सेक्रेटरी किंवा कुठला कार्यकर्ता अजिबात नको.

आता स्वातंत्र्याचा प्रश्न. "मोर्चा काढायचा हक्क असावा का" विचारलं की टॉवरमध्ये उत्तर येतं, हो पण रस्ता अडवू नये. घणसोली गावठाणात तोच प्रश्न विचारला तर एक आजी माझ्याकडे येड्यासारखं बघत बोलल्या, "मोर्चा नाय कारला असता त सारेबारा टक्के भेटले असते का र पोरा?" जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, जासई-नवघरला गोळीबारात पाच शेतकरी गेले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची योजना त्यातूनच आली. आजींसाठी हक्क म्हणजे प्लॉटचा कागद आहे, उगाच पुस्तकातली गोष्ट नाही. त्यामुळे दोन ठिकाणची उत्तरं एका रकान्यात मिसळू नका. खारघरवाले पण वेगळे ठेवा, पत्त्यात नवी मुंबई लिहितात पण महापालिका पनवेलची.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचं आमचं सगळ्यात चाललेलं वाक्य हे, "ग्रुपवर काहीतरी टाईप करून डिलीट केलं असं शेवटचं कधी झालं?" बोलायची भीती वाटते का विचारलं तर सगळे छे छे म्हणतात, यावर मात्र लोक सुटतात. एका पोराने कचऱ्यावरून नगरसेवकाला चार ओळी लिहिल्या होत्या, वडिलांनी पुसायला लावल्या, का तर बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटचं चाललंय, कशाला वाईट व्हायचं.

वेळेचं भान ठेवा. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून निकालाचा अंदाज ग्रुपवर टाकणं म्हणजे एक्झिट पोल, आयोगाने ठरवलेल्या काळात तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत ओपिनियन पोलही टाकायचा नाही. सरळ इलेक्शन नसताना करा, लोक शांतपणे बोलतात पण.

घरं निवडताना मतदार यादीवरून निवडू नका, मोठे सर्व्हे तसं करतात पण मग यादीतून गळालेलेच तुम्हाला भेटणार नाहीत. दर चौथं दार घ्या. कुलूप असेल तर शेजारचं वाजवायचा मोह होतो, आम्हालाही झाला, पण ते कुलूप लावून सकाळची ठाणे लोकल पकडणारेच मतदानाला सगळ्यात कमी दिसतात असं सगळे म्हणतात आणि खरं काय ते फक्त त्यांनाच माहीत, तेव्हा फ्लॅट नंबर लिहून ठेवा आणि रविवारी अकरानंतर परत जा, त्याआधी बेल मारलीत तर शिव्या खाल.