ईसीजीवरून हार्ट रेट काढताय? भागाकाराआधी या चुका टाळा

ईसीजी हातात पडला की नवखा इंटर्न लगेच चौकोन मोजायला घेतो. भागाकार सगळ्यांनाच येतो. चूक होते ती त्याआधी. कागद किती वेगाने सरकला, ठोके सारख्या अंतरावर आहेत का आणि आपण मोजतोय ती लहर नेमकी कोणती, हे बघायला कोणी थांबत नाही.

कागदाचा नेहमीचा वेग सेकंदाला २५ मिमी. म्हणजे १ मिमीचा छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा मोठा ०.२० सेकंदाचा. मिनिटात मोठे चौकोन ३००, छोटे १५००. दोन लागोपाठच्या आर लहरींमधले (आर म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच, टोकदार शिखर) मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा, किंवा छोटे मोजून १५०० ला. हे सगळं फक्त २५ च्या वेगाला खरं आहे, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

वेग न वाचणे

पी लहरी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या छोट्या लहरी) सुट्या दिसाव्यात म्हणून कोणीतरी यंत्राचा वेग ५० वर नेतं आणि परत २५ वर आणायचं राहून जातं. पुढचा पेशंट छातीत जळजळ होते म्हणून रात्री आलेला. पट्टी निघते. आर ते आर आठ मोठे चौकोन, ३०० भागिले ८, रेट ३८. पीआर (पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचं अंतर) आठ छोटे चौकोन म्हणजे ०.३२ सेकंद, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची लहर, आर तिचाच भाग) चार छोटे चौकोन म्हणजे ०.१६. रेट कमी, पीआर लांबलेला, क्यूआरएस रुंद! धावपळ सुरू होते, ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपीनची अँप्यूल फुटते, पेसिंगसाठी (यंत्राने ठोके चालवण्यासाठी) फोन जातो. पेशंट मात्र खाटेवर बसून नातेवाइकांशी गप्पा मारतोय आणि त्याच्या मनगटाला अजून कोणी हात लावलेला नाही. नाडी धरली तर ७५ भरते. ५० च्या वेगाला ३०० ऐवजी ६०० ला भागायचं असतं. छोटा चौकोन तिथे ०.०२ सेकंदाचा, म्हणून पीआर ०.१६ आणि क्यूआरएस ०.०८. ईसीजी पूर्णपणे नॉर्मल.

उलटी बाजू जास्त घातक आहे. १८० च्या रेटने धावणारं हृदय अशा कागदावर ९० वाटतं आणि पेशंट रांगेत मागे ढकलला जातो.

वेग पट्टीच्या कडेला किंवा तळाशी छापलेला असतो. तो वाचून त्याच्याभोवती पेनने गोल करायचा आणि मगच चौकोनांकडे वळायचं, ही माझी सवय. कॅलिब्रेशनची चौकटही (यंत्र स्वतः छापतं ती मापाची खूण) बघा. २५ च्या वेगाला ती बहुतेक यंत्रांत ५ मिमी रुंद येते. १० मिमी रुंद दिसली तर वेग तपासा. पीआर, क्यूआरएस, क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून त्यानंतरच्या टी लहरीच्या शेवटापर्यंतचं अंतर) हे सगळंच एका प्रमाणात ताणल्यासारखं दिसत असेल, तर आजाराआधी यंत्राचा संशय घ्या.

३००, १५०, १००, ७५, ६०, ५०

ही पाठ केलेली माळ वाईट नाही. ती अर्धवट पाठ असणं वाईट. जाड रेषेवर पडणारी आर शोधायची. ती रेषा शून्य, पुढची जाड रेषा ३००, त्यापुढची १५०, असं माळेप्रमाणे पुढच्या आरपर्यंत. अनेक जण आर ज्या रेषेवर आहे तिलाच ‘एक’ म्हणतात, मग चार चौकोनांचे पाच होतात आणि ७५ चा रेट ६० लिहिला जातो.

शिवाय वेगवान रेटला ही माळ कामाची नाही. ३०० आणि १५० यांच्या मधोमध आर आली की २२५ लिहून मोकळे होतात, पण दीड चौकोन म्हणजे २००. तिथे छोटे चौकोनच मोजा: सात आले तर २१४, आठ आले तर १८८. एका मिलिमीटरला २६ ठोक्यांचा फरक पडतो. लहान मुलांचा रेट मुळातच जास्त असतो, म्हणून त्यांच्या ईसीजीला कायम १५०० ची पद्धत.

अनियमित ताल आणि एकच आर-आर

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ताल पूर्ण अनियमित होतो) एकाच पट्टीवर दोन चौकोनांचं अंतर सापडतं आणि पाच चौकोनांचंही. पहिलं धरणारा १५० लिहितो, दुसरं धरणारा ६०. दोन्ही चूक. खालची लांब लीड टूची पट्टी घ्या (लीड म्हणजे एका कोनातून घेतलेली नोंद). ५० मोठे चौकोन म्हणजे १० सेकंद, तेवढ्यातले क्यूआरएस मोजून सहाने गुणा. १७ आले तर १०२. पट्टी आखूड असेल तर ३० चौकोन घेऊन दहाने गुणा, पण तिथे एका ठोक्याच्या चुकीला रेट दहाने हलतो. पट्टी दहा सेकंदांचीच असेल असं गृहीत धरू नका, चौकोन मोजा. वर तीन ओळींत छापलेल्या लीडमध्ये एक लीड साधारण अडीच सेकंदच दिसते. तेवढ्यावर अनियमित तालाचा रेट काढणं म्हणजे अंदाज.

ताल नियमित आहे हे नजरेने ठरवू नका. कोऱ्या कागदाची कड पट्टीला लावून तीन-चार आरवर खुणा करा आणि कागद पुढे सरकवा. खुणा जुळल्या तरच भागाकार. मध्ये एक्टोपिक (भलत्याच जागेतून, वेळेआधी आलेला) ठोका असेल तर तो आणि त्यानंतरची विश्रांती सोडून मोजा.

रेट कोणाचा, हेही लिहा. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये (वरच्या कप्प्यांचे संकेत खाली पोहोचतच नाहीत) पी लहरी ८० आणि क्यूआरएस ३६ असू शकतात. नुसतं ‘रेट ८०’ लिहिलं तर पुढच्या पाळीचा डॉक्टर निर्धास्त राहील. रेट अगदी ठाम १५० च्या आसपास आणि नियमित असेल तर टी लहरीत लपलेली फ्लटरची (वरच्या कप्प्यांच्या वेगवान, नियमित तालाची) दुसरी लहर शोधा. फ्लटर साधारण ३०० ने चालतो आणि दर दुसरा ठोका खालच्या कप्प्यांत उतरतो.

यंत्राने छापलेला आकडा उतरवून घेऊ नका. पोटॅशियम वाढल्यावर उंच झालेल्या टी लहरींना यंत्र क्यूआरएस समजलं की ७० चे १४० होतात. कंप असलेल्या हाताच्या थरथरीनेही आकडा फुगतो.

फोटोकॉपीवर किंवा मोबाइलच्या फोटोवर फूटपट्टी लावू नका, आकार बदललेला असतो, चौकोन मोजा.

एक-एक लीड कापून चिकटवलेल्या पट्ट्यांवर जोडाच्या अलीकडची आर आणि पलीकडची आर यांमधलं अंतर कधीही धरू नका.

नाडी आणि ईसीजी जुळले नाहीत तर दोन्ही आकडे नोंदवा. बायजेमिनीत (दर दुसरा ठोका वेळेआधी येतो) ईसीजीवर ८० आणि मनगटावर ४० येऊ शकतात, कारण लवकर आलेल्या ठोक्याच्या वेळी व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) पुरेसं भरलेलंच नसतं. रेट चुकला की त्यावरून काढलेला क्यूटीसीही (रेटनुसार दुरुस्त केलेला क्यूटी) चुकतो, म्हणून क्यूटी लांबवणारं औषध सुरू करण्याआधी यंत्राचा क्यूटीसी वाचण्याऐवजी आर-आर हाताने मोजून तो पुन्हा काढा.